सगुणावहिनीचा डावा खांदा

नेरे, तालुका मुळशी
८ डिसेंबर १९६३

डॉक्टरसाहेब,

माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पाकीट न फोडताच खणात टाकाल अशी भीती होती. म्हणून वरचा पत्ता पोस्टमास्तरांकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचा. हॉस्पिटल सोडून मला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

मी भावाच्या घरी असते. सकाळी ओसरीवर चार-पाच जण येऊन बसलेले असतात, कुणाला विळा लागलेला, कुणाला गळू झालेलं. पगार नाही, पण भाजी विकत आणावी लागत नाही. अठरा वर्षं तुमच्या थिएटरात उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या होत्या, त्या आता उतरल्या. तेव्हा मी सुखात आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते.

काम माझ्या वहिनीचं आहे. सगुणाबाई, हैबतरावाची बायको. एकोणसाठ साली ती बांधावरून पडली आणि उजव्या खांद्याची कंडरा तुटली, तेव्हा तुम्हीच ऑपरेशन केलं होतं. तुमच्या पद्धतीप्रमाणे वरचं हाडाचं टोक कापून वाट मोकळी केलीत, तुटलेल्या कडा रेशमाने एकमेकींना शिवल्यात आणि सहा आठवडे प्लास्टर घातलंत. आता डावा खांदा गेला. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी धुवायला नेल्या होत्या. दावं हाताला गुंडाळून घेऊ नये हे तिला आम्ही शंभरदा सांगितलं असेल, पण ऐकेल ती सगुणावहिनी कसली. म्हैस बुजली आणि हिसका बसला. हात बाजूला उचलून मी सोडून दिला तर तो लाकडासारखा खाली पडतो. ही परीक्षा तुम्हीच मला शिकवलीत, त्यामुळे काय तुटलंय ते मला ठाऊक आहे. फाटलेलं बरंच मोठं असावं.

तिला पुण्याला आणू का? येईल तर ती फक्त तुमच्याकडे येईल. उशीर झाला की स्नायू आखडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक विनंती आहे. या वेळी वरचं हाड कापू नका. का, असं विचाराल. उत्तर माझ्यापाशी आहे, पण आज लिहायला मन धजत नाही.

रत्नाबाई


नेरे
२२ डिसेंबर १९६३

डॉक्टरसाहेब,

पत्राला उत्तर नाही. रागावलेला माणूस गप्प बसतो, आणि तुम्ही तर न रागावताही गप्पच असायचात. पण वहिनीला थांबायला वेळ नाही, म्हणून मागच्या वेळी गिळलेलं आज लिहिते.

तुमच्या वहीत वहिनीच्या उजव्या खांद्यापुढे 'उत्तम' असा शेरा आहे. तो उत्तम नाही. हात छातीएवढा वर येतो आणि थांबतो. दुखत नाही, हे खरं. पण चार वर्षं तिचं सगळं जड काम डावा हात करत होता. फळीवरचा डबा, उतरंडीचं मडकं, पाठीला तेल, सगळं डाव्याने. आता डावाही गेला. काल तिची वेणी मी घातली. बेचाळीस वर्षांची बाई लहान मुलीसारखी पुढ्यात बसली होती आणि हसत होती. मला काही हसू आलं नाही.

तो शेरा चुकला कसा, ते ऐका. दर सोमवारी जुने पेशंट तपासणीला यायचे आणि दाराशी मी असायचे. एकेकाला आत सोडण्याआधी मी सांगायचे, साहेबांनी तुमच्यासाठी जिवाचं रान केलंय, त्यांच्यापुढे तोंड वाकडं करू नका. खरं म्हणजे सांगायचीही गरज नव्हती. आमच्याकडे पाहुणा जेवण अळणी आहे असं म्हणत नाही. भाजीत मीठ नसलं तरी बोटं चाटून उठतो. ज्याने बरं केलं त्यालाच 'बरं वाटत नाही' म्हणणं तर त्याहून वाईट. तुम्ही विचारायचात, हात वर होतो का? आणि मान डोलायची, 'व्हय साहेब, झ्याक हाय.' अंग एका बाजूला कलतं केलं की हात वर गेल्यासारखा दिसतो. तुम्ही तेव्हा खाली मान घालून लिहीत असायचात. मी बघत असायचे.

बघत होते आणि बोलले नाही. बोरवणकर डॉक्टर तुमच्याच हाताखाली शिकले, विलायतेहून दोन वर्षांत परत आले आणि हाडात चर खणून कंडरा आत ओवण्याची पद्धत सांगू लागले. तुमच्या केसाळ पांढऱ्या भुवया तेव्हा कशा वर जायच्या ते मला अजून दिसतं. तुम्ही हरू नये असं मला वाटत होतं. एवढंच त्यामागचं कारण, साहेब, आणि ते पुरेसं वाईट आहे.

मग मुंबईला सर्जनांच्या सभेत तुम्ही निबंध वाचलात. तुमच्या पद्धतीचे वीसपैकी अठरा उत्तम, बोरवणकरांच्या पद्धतीचे बारापैकी सात. त्यांनी उभं राहून विचारलं, हे तपासलं कुणी? परत आल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर मला बोलावलंत आणि म्हणालात, 'रत्नाबाई, सांगा यांना.' मी गप्प उभी राहिले. तुम्हाला वाटलं मी त्यांना फितूर झाले. घरभेदी म्हणालात. आठवड्यात मी राजीनामा दिला.

मी फितूर नव्हते. तुमची बाजू घेण्याच्या नादात मी तुम्हाला दोन वर्षं फसवलं होतं, आणि त्या दिवशी आणखी एकदा फसवायला जीभ उचलली नाही. बोरवणकर पेशंटला विचारतच नसत. सदरा काढायला लावून खुंटीवर टांगायला सांगत. त्यामुळे त्यांचे सात खरे सात होते आणि आपले अठरा गावाच्या रीतीचे होते.

आता फाडायचं तर हे पत्र फाडा. पण वहिनीसाठी तारीख कळवा.

रत्नाबाई


नेरे
५ जानेवारी १९६४

डॉक्टरसाहेब,

चार ओळींचं उत्तर पोचलं. पहिल्या ओळीत रागावलात, दुसरीत जास्त रागावलात, तिसरीत आकडे मागितलेत आणि चौथीत चोवीस तारीख दिलीत. बाकी काही असो, तिसऱ्या ओळीने मला बरं वाटलं. नुसता राग असता तर आकडे मागितले नसते.

आकडे माझ्याकडे तयार होते. भात झोडणीचे दिवस होते, त्याचा फायदा घेतला. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची, यात माणसाला लबाडी करता येत नाही. मी कुणालाही काहीही विचारलं नाही. खळ्यावर जाऊन बसायची, गप्पा मारायची आणि बघायची. शाळामास्तरांचा कोनमापक पिशवीत होता. निघताना 'जरा हात बघू' म्हणून कोन मोजायची. नेऱ्यापासून कासारसाईपर्यंत तुमचे नऊ पेशंट सापडले आणि बोरवणकरांचे पाच.

तुमच्या नवांपैकी चार खरंच उत्तम आहेत. चौघांचंही फाटलेलं लहान होतं, माझ्या जुन्या टिपणांत आहे. उरलेल्या पाचांचं मोठं होतं. त्यांचं दुखणं गेलं, पण हात अर्ध्यावर थांबतो. जांब्याचे कुशाबा तुम्हाला आठवत असतील, निबंधात तुम्ही त्यांचा फोटो दिला होता. ते पटका बांधताना एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून वर ढकलतात. मी बघतेय म्हटल्यावर ओशाळले आणि म्हणाले, 'साहेबास्नी सांगू नका. त्येंला वाईट वाटंल.' वरचं हाड कापलं की खांद्याच्या मोठ्या स्नायूची पकड सुटते, असं बोरवणकर म्हणत असत. तेव्हा मला तो त्यांचा आगाऊपणा वाटायचा. पाच खांदे बघून आल्यावर तसं वाटत नाही.

आता त्यांचे पाच. कासारसाईच्या गोजराबाईचं तर वहिनीपेक्षाही जास्त फाटलेलं होतं. बोरवणकरांनी हाडाच्या टोकाला हात लावला नाही. खालच्या हाडात गिरमिटाने भोकं पाडून कंडरा ओवून घट्ट बांधली. ही बाई आज पेंढी अशी आपटते की फळीची कीव यावी. आणखी दोघं तिच्यासारखेच. हातच्या काकणाला आरसा कशाला.

पण थांबा, त्यांचंही सगळं सोनं नाही. वरच्या वाडीतला चिंधू, त्याचा हात आज लोंबतोय. बोरवणकर प्लास्टर घालत नाहीत. हात झोळीत ठेवायचा आणि आठवड्यापासून हळूहळू हलवायचा. पुण्यातल्या कारकुनाला हे ठीक आहे. चिंधूने घरी आल्यावर चौथ्या दिवशी झोळी सोडली आणि त्याच कापडात रानातून पाच-सहा शेर हिरडे बांधून आणले. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असा त्याचा हिशेब. टाके निघून आले. दुसऱ्याचीही तीच तऱ्हा, तो नांगराला गेला होता. तुमच्या एकाही पेशंटने हा प्रकार केला नाही, कारण प्लास्टर घातलेल्या माणसाला कुणी कामाला लावत नाही आणि त्यालाही ते जमत नाही.

आता मी लहान तोंडी मोठा घास घेते. लहान फाटलेलं असेल तर तुमचे रेशमाचे टाके पुरतात. मोठं असेल तर त्यांचं गिरमिट हवं. हाडाचं टोक जिथल्या तिथं राहू द्यावं. आणि आमच्या लोकांना तुमचंच प्लास्टर घालावं. वहिनीसाठी मला हे असं हवं आहे.

तुम्ही म्हणाल, मग बोरवणकरांकडेच न्या. मी नेलं असतं, तिचं मन मोडून नेलं असतं. पण ती हटून बसली आहे. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते: 'त्या डाक्टरनं आमच्या धन्यास्नी खुर्ची दिली व्हती बसाया. वन्सं, धोतर चिखलानं भरल्यालं, तरी खुर्ची दिली. दुसऱ्या कुनाकडं मी जायाची न्हाई.'

तेव्हा तुम्हालाच बोरवणकरांना बोलवावं लागेल. त्या सभेनंतर तुम्ही दोघं एकाच इमारतीत असून दोन जिन्यांनी चढता, हे मला इथं बसूनही कळतं. तुम्ही गिरमिट कधी धरलेलं नाही, आणि ते शिकायला वहिनीचा खांदा घेऊ नका. तिला तिसरा हात नाही.

चोवीसला आम्ही येतो.

रत्नाबाई


नेरे
१६ फेब्रुवारी १९६४

डॉक्टरसाहेब,

सुखरूप पोचलो. चिंचवड स्टेशनपासून बैलगाडीने. प्लास्टरमुळे वहिनीचा डावा हात बाजूला आडवा, कोपरात वाकलेला. वॉर्डात आपण ज्याला विमान म्हणायचो ते विमान जांब्याच्या वाटेवर गाडीत मावेना. शेवटी तिला उलटं बसवलं आणि हात गाडीच्या साट्याबाहेर ठेवला. समोरून येणारी प्रत्येक गाडी, ही बाई थांबायला सांगतेय असं समजून थांबली. दादा प्रत्येकाला खुलासा करून दमला.

घराच्या दारातून ती सरळ आत जात नाही, आडवी होऊन जाते. अर्धं गाव बघून गेलं. साडी नेसवायला मी आणि शेजारची चंद्राबाई अशा दोघी लागतो. आणि मी म्हटलं नव्हतं का, तिला कुणी तांब्यासुद्धा उचलू देत नाही. सासरी आल्यापासून पहिल्यांदा ती दुपारी आडवी झाली आहे. बसल्या जागेवरून सुनेला हुकूम सोडते. मला वाटतं, सहा आठवडे संपल्यावर प्लास्टर काढायला तीच तयार होणार नाही.

चिंधूही खाली येऊन बघून गेला. बराच वेळ प्लास्टरवर बोटाने टकटक करत उभा होता. मग म्हणाला, 'मला का न्हाई आसलं घातलं? मी गप बसलो आसतो.' त्याचं हे वाक्य बोरवणकरांना जरूर सांगा. त्यांना राग येणार नाही. ते चांगले डॉक्टर आहेत, फक्त त्यांना वाटतं की सगळी माणसं घड्याळ बघून हात हलवतात.

ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बाकावर होते. अठरा वर्षं आत उभं राहिलेल्या बाईला बाहेर बसणं किती जड जातं, हे मला पहिल्यांदा कळलं. दोन तास मी प्रत्येक अवजाराचा आवाज ओळखत बसले होते. गिरमिटाचा आवाज आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे बोरवणकर आलेत, आणि म्हणजे तुम्ही त्यांना बोलावलंत. नंतर साळूबाई आयाने सांगितलं की तुम्ही त्यांच्या समोर उभे राहून जखम उघडी धरली होतीत, आणि मध्येच एकदा 'हे मला दाखव' म्हणालात. छप्पन्न वर्षांच्या सर्जनने आपल्या विद्यार्थ्याला असं म्हणायला काय लागतं, ते मला कळतं. मला रडू आलं. बाकावर शेजारी दादा होता, त्याला वाटलं ऑपरेशन बिघडलं.

तुम्ही जिन्यात विचारलंत, परत येता का. त्याचं उत्तर हे. इथं माझी ओसरी आहे, आणि सहा आठवडे भरून प्लास्टर निघेल तेव्हा वहिनीचा हात रोज हलवून घ्यायला मी हवी. पण दर महिन्याला एक सोमवार मी येईन. दाराशी उभी राहीन, आणि या वेळी पेशंटना सांगेन की साहेबांना खरं ऐकायचंय. ऐकायचंय ना?

रत्नाबाई


नेरे
६ डिसेंबर १९६४

डॉक्टरसाहेब,

तुम्ही सभेकडे दुरुस्तीपत्र पाठवलंत त्याची प्रत मिळाली. 'अठराऐवजी' या शब्दापुढचा आकडा तुमच्याच हातचा दिसतोय, शाई जरा पसरली आहे. खाली बोरवणकरांचीही सही बघून बरं वाटलं. मला दोष दिलेला कुठेच नाही. मी माझी चूक लिहून दिली होती, ती वापरायला हवी होती, पण तुम्ही ऐकणार नाही हे माहीत होतं. लोक काय म्हणतात तेही तुम्ही कळवलं आहे. म्हणू देत. ज्यांनी आपले जुने पेशंट खळ्यावर जाऊन कधी पाहिले नाहीत, त्यांनी तोंड उघडण्यात अर्थ नाही.

आता तुम्हाला हवं आहे ते. परवापासून आमची झोडणी सुरू झाली. दहा महिने वहिनीला मी खळ्यावर येऊ दिलं नव्हतं. परवा ती मला न विचारता आली, पेंढी उचलली आणि आपटली. दोन्ही हातांनी धरलेली, पण नेणारा हात डावा होता. पूर्ण डोक्यावर गेला. मी कोनमापक आणायला घरी पळाले आणि परत येईपर्यंत तिच्या दहा-बारा पेंढ्या झाल्या होत्या. डावा एकशे पन्नास अंश. उजवा सत्तर, होता तेवढाच. संध्याकाळी डावा थोडा ठणकला, शेक दिला, सकाळी थांबला. आज तिने आपली वेणी आपण घातली. वाकडी आली आहे, पण माझ्याकडून सरळ करून घ्यायला तयार नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत की वहिनीला एक प्रश्न विचारा, आणि ती जे बोलेल ते न सांभाळता लिहा. तो प्रश्न वाचून मी दोन दिवस थांबले. पाच वर्षांत तुम्ही 'हात वर होतो का' असं अनेकदा विचारलंत, पण 'माझं ऑपरेशन चुकलं का' हे पहिल्यांदाच. काल दुपारी खळ्यावर भाकरी खाताना मी तिला विचारलं. दादा तिला गप्प करायला लागला, मी त्याला गप्प केलं.

तिने हातातली भाकरी खाली ठेवली. आधी म्हणाली, कशाला त्या माणसाला वाईट वाटेल असं लिहायचं. मी म्हटलं, त्यांनीच मागितलंय. मग थोडा वेळ उजव्या खांद्यावरून डावा हात फिरवत बसली.

'लिवा तर मंग,' ती म्हणाली. 'उजवा न्हाई जमला. पाच वर्सं डोईवरचा पदर ह्या हातानं सावरला न्हाई. त्येंला खोटं सांगितलं, त्ये माजं चुकलं. पर डावा मोडला तवा मी कुनाच्या दारात गेले, त्ये बी लिवा.'

तेही लिहिलं.

रत्नाबाई